प्लग बदलूनही गाडी पुन्हा मिसिंग का करते? घरच्या घरी तपासणी आणि प्लग सुरक्षितपणे बदलण्याची पद्धत

सकाळी सुरू करताना गाडी थरथरते, सिग्नलवरून निघताना गचके देते, उड्डाणपुलाचा चढ चढताना पिकअप कमी पडतो आणि त्यातच चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण न जळल्याने होणाऱ्या या प्रकाराला गॅरेजच्या भाषेत मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात. पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या गाडीची अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की बहुतेक वेळा चारही स्पार्क प्लग बदलून मिळतात आणि गाडी लगेच सुरळीत चालू लागते. काही आठवडे किंवा काही महिने जातात, जूनचा पाऊस सुरू होतो आणि तेच गचके परत येतात. मग पुन्हा प्लग बदलले जातात, या वेळी कदाचित अधिक महागडे, आणि गाडी पुन्हा काही दिवस बरी चालते. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकू येते की तिच्याकडे केवळ प्लगचा प्रश्न म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. प्लग घरी कसा बदलावा हे पुढे सविस्तर लिहिले आहे. मात्र जुना प्लग फेकून देण्याआधी तो का खराब झाला हे पाहिले नाही, तर बदलण्याचा खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात, आणि या लेखाचा भर त्यावरच आहे.

नव्या प्लगने तक्रार तात्पुरती का थांबते

प्लगच्या मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये साधारण एक मिलिमीटरच्या आसपास फट असते. ती फट ओलांडून ठिणगी पडावी म्हणून इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून कित्येक हजार व्होल्टचा दाब तयार करते, आणि आजच्या कॉइलची क्षमता तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकते. प्लग नवा असताना इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात आणि फट नेमकी असते, त्यामुळे ठिणगी पडायला तुलनेने कमी दाब पुरतो. वापराने कडा गोल होतात, फट वाढते आणि तीच ठिणगी पाडायला अधिक दाब लागू लागतो.

आता समजा कॉइल अशक्त झाली आहे, किंवा कॉइलच्या टोकाच्या रबरी बुटाला सूक्ष्म चीर पडली आहे, किंवा बुटाखाली ओलावा साचला आहे. नवा प्लग कमी दाब मागतो म्हणून अशी दुबळी व्यवस्थाही काही काळ काम निभावते. प्लग थोडा झिजला, हवेत दमटपणा वाढला किंवा चढावर इंजिनावर ताण आला की दाब फट ओलांडण्याऐवजी बुटाच्या चिरेतून किंवा ओल्या पृष्ठभागावरून सिलिंडर हेडच्या, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, धातूकडे निसटतो आणि त्या सिलिंडरमधले मिश्रण जळत नाही. खरा दोष तसाच राहतो आणि नवा प्लग तो काही काळ झाकून ठेवतो. प्लग बदलल्यावर गाडी बरी झाली, म्हणजे दोष प्लगचाच होता, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

हात लावण्याआधी

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल आणि गाडी गचके देत असेल, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. प्लग आणि कॉइलच्या किमतीपुढे हा भाग फार महाग आहे.

हे काम कोणी करू नये, हेही सांगितले पाहिजे. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या केबलमध्ये जीवघेण्या दाबाची वीज असते, तिथे प्रशिक्षित माणसाशिवाय बॉनेटखाली काम करू नये. काही इंजिनांत प्लगपर्यंत पोचण्यासाठी सिलिंडरला हवा पुरवणारा इनटेक मॅनिफोल्डच काढावा लागतो, ते पहिल्यांदा काम करणाऱ्याने अंगावर घेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर तक्रार आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे लेखी नोंदवावी.

जागेचा विचार मुंबईत वेगळा करावा लागतो. स्टॅक पार्किंगच्या पाळण्यात किंवा जिथे दुसऱ्याची गाडी कधीही खाली येऊ शकते अशा ठिकाणी बॉनेट उघडून बसू नये. गाडी सीएनजीची असेल तर सोसायटीच्या तळघरातल्या किंवा पोडियमखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये हे काम टाळावे. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे गळती असल्यास तो छताखाली साचून राहतो. उघड्या हवेत, सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून काम करावे. सीएनजीच्या टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करावा. टाकी पूर्ण भरलेली असताना त्या नळीतला दाब सुमारे २०० बार असतो, म्हणून तिच्या कोणत्याही जोडाला पाना लावू नये. गॅसचा वास येत असेल तर प्लगचे काम तिथेच थांबवावे, गाडी सुरू करू नये आणि आधी गळतीची तपासणी करून घ्यावी.

इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्यावी. ही अट केवळ हात भाजू नये म्हणून घातलेली नाही. आजची बहुतेक सिलिंडर हेड ॲल्युमिनियमची असतात आणि प्लगचे धातूचे अंग पोलादी असते. गरम हेडमधला प्लग जोराने फिरवला तर हेडमधले मऊ आटे त्याच्याबरोबर उचकटून येण्याची भीती असते, आणि आटे गेले की पुढची दुरुस्ती घरात होत नाही.

दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे

२०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत निदानासाठीचे ओबीडी सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असते आणि ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर त्यातून दोषाचा क्रमांक वाचू शकतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या, याप्रमाणे पी०३०४ पर्यंत. पी०३०० म्हणजे मिसफायर एकाच ठिकाणी टिकून नाही. अशा वेळी प्लगपेक्षा इंधन, हवेची गळती किंवा सेन्सर यांच्याकडे आधी पाहावे. क्रमांक लिहून ठेवावा आणि मगच पुसावा. मेकॅनिकने तो न लिहिता पुसून टाकला, तर दोष शोधण्याचा सर्वांत उपयोगी धागा हातातून जातो.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत एक सोपी आणि बिनखर्चाची चाचणी आहे. इग्निशन बंद करून, इंजिन थंड असताना, दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्या चांगल्या सिलिंडरवर आणि तिथली इकडे बसवावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. पी०३०१ जाऊन पी०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला आणि प्लग बदलायची गरज कदाचित नव्हतीच. कोड जागच्या जागी राहिला तर त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करावी. तरीही तो हलला नाही, तर दोष त्या सिलिंडरच्या इंजेक्टरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट दाबले जाते की नाही यात, शोधावा लागतो. पहिला सिलिंडर कोणत्या टोकाचा, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, अंदाज करू नये.

जुन्या, एचटी वायर (प्लगपर्यंत उच्च दाबाची वीज नेणारी जाड तार) असलेल्या गाड्यांत रात्री अंधारात, इंजिन सुरू असताना, हात लांब ठेवून बॉनेटखाली पाहिल्यास खराब वायरच्या आसपास निळसर ठिणग्या कधी कधी स्पष्ट दिसतात. मात्र चालू इंजिनवर एकेक प्लगची टोपी उपटून पाहण्याची किंवा प्लग बॉडीला टेकवून ठिणगी तपासण्याची जुनी सवय आता सोडलीच पाहिजे. त्यात जबर झटका बसतो, कॉइल व कंट्रोल युनिट जळू शकते, न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाते, आणि सीएनजीच्या गाडीजवळ उघडी ठिणगी पाडणे हा तर थेट जिवाशी खेळ आहे.

प्लग काढताना

आवश्यक साहित्य फार नाही, पण ते नेमके हवे. आतून रबर किंवा लोहचुंबक असलेले प्लग सॉकेट लागते, म्हणजे प्लग त्यात धरून राहतो. प्लगच्या प्रकारानुसार त्याचे माप १४, १६ किंवा सुमारे २१ मिलिमीटर असते. त्याशिवाय एक्स्टेन्शन रॉड, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी छोटा सॉकेट, फट मोजण्यासाठी तारेचे फिलर गेज, डोळ्यांना चष्मा आणि किती जोराने आवळले जात आहे ते दाखवणारा टॉर्क पाना हवा. टॉर्क पाना महाग वाटतो म्हणून बरेच जण तो टाळतात. माझ्या मते या सगळ्या साहित्यात तडजोड करू नये अशी हीच एक वस्तू आहे. नको असेल तर विकत घेऊ नये, पण ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा.

आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. त्यामुळे घड्याळ आणि काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोड जाऊ शकतो, तो जवळ आहे याची खात्री करून घ्यावी. इंजिनावरचे प्लॅस्टिक कव्हर काढले की कॉइल दिसतात. उष्णतेने कनेक्टरची प्लॅस्टिकची चाप कडक आणि ठिसूळ झालेली असते, म्हणून ती दाबून कनेक्टर सावकाश ओढावा, तार धरून ओढू नये. कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवून सरळ वर काढावी.

यानंतर लगेच प्लगला पाना लावू नये. प्लग वीतभर खोल प्लग होलच्या तळाशी असतो आणि त्या तळाशी मुंबईतली बारीक धूळ, मातीचे कण, पानांचा भुगा आणि कधी पाणी साचलेले असते. प्लग सुटला की हे सगळे सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडते. आधी टॉर्चने आत पाहावे, आत काय दिसते ते मोबाइलवर टिपून ठेवावे, मग चष्मा लावून हवेच्या पंपाने किंवा ब्लोअरने होल स्वच्छ करावे. आत पाणी असेल तर हवा मारण्याआधी लांब नळी लावलेल्या सिरिंजने ते ओढून घ्यावे.

एका वेळी एकच प्लग काढावा आणि बाकीची तोंडे स्वच्छ कापडाने झाकून ठेवावीत. सॉकेट सरळ बसले पाहिजे, कारण ते तिरपे राहिले तर आतली चिनी मातीची नळी तडकते. प्लग अर्ध्या फेरीनंतर जड जाऊ लागला तर जोर वाढवू नये. किंचित उलट दिशेने फिरवून, आट्यांवर भेदक तेलाचे दोन-चार थेंब सोडून, काही वेळ थांबून पुन्हा हलकेच सुरुवात करावी. तरीही तो अडत असेल तर तिथेच थांबून अनुभवी मेकॅनिकला बोलवावे. काढलेले प्लग ज्या सिलिंडरचे त्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडून ठेवावेत, त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

काढलेला प्लग काय सांगतो

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरमधले ज्वलन ठीक आहे. कोरडी, मऊ काळी काजळी असेल तर मिश्रणात इंधन जास्त आहे, एअर फिल्टर तुंबला आहे, किंवा गाडी फक्त छोट्या अंतरासाठी वापरली जाते आहे. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर तापले की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढीच धाव असलेल्या किंवा रोज सायनच्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीचा प्लग त्या तापमानापर्यंत पुरेसा वेळ पोचत नाही. अशा गाडीला प्लग बदलून देण्याआधी आठवड्यातून एकदा ईस्टर्न फ्रीवेवर किंवा मोकळ्या महामार्गावर, नियमात राहून, अर्धा-पाऊण तास चालवून पाहावे.

ओले, चिकट तेल असेल तर ते व्हॉल्व्ह सीलमधून किंवा पिस्टन रिंगमधून ज्वलनकक्षात येत आहे. कितीही प्लग बदलले तरी ते पुन्हा तेलकट होणारच. पांढरे, फोड आल्यासारखे किंवा वितळलेले टोक दिसले तर प्लग प्रमाणाबाहेर तापला आहे. त्यामागे मिश्रणात इंधनाची कमतरता, चुकीची हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर हेडकडे सोडतो त्याचे माप) किंवा नीट न आवळलेला प्लग ही कारणे असतात. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि हे कारण फार वेळा नजरेआड होते.

टोकाइतकेच लक्ष वरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाकडे द्यावे, कारण परत परत येणाऱ्या तक्रारीचे उत्तर बहुधा तिथे असते. त्यावर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर वीज बुटाच्या आतून खाली निसटली आहे. त्या रेघेसमोर बुटाच्या आतल्या बाजूलाही तशीच खूण सापडते. अशी खूण पडलेला बूट पुन्हा वापरला तर नवा प्लगही त्याच वाटेने खराब होतो, कारण कार्बनची ती रेघ विजेला तयार रस्ता देते. म्हणून असा प्लग आणि त्याचा बूट, किंवा बूट वेगळा मिळत नसेल तर पूर्ण कॉइल, एकत्रच बदलावी लागते. याउलट धातूच्या कड्याला लागून चिनी मातीवर दिसणारा फिकट तपकिरी पट्टा हा उच्च दाबामुळे चिकटलेल्या तेलकट कणांचा डाग असतो. तो निरुपद्रवी आहे आणि त्यावरून प्लग गळतो आहे असा अर्थ काढू नये.

प्लग होलच्या आत किंवा बुटाभोवती इंजिन ऑइल असेल तर ती गळती वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅसकेटमधून किंवा प्लग होलच्या सीलमधून आली आहे. या तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. गॅसकेट बदलणे हे काम तुलनेने स्वस्त आहे आणि ते केल्याशिवाय नवी कॉइल बसवू नये.

पाणी कुठून येते

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी चालत्या गाडीच्या प्लग होलमध्ये पाणी सहजासहजी जात नाही. ते जाण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशर पंपाने केलेले इंजिन वॉश. पाण्याचा जोरदार फवारा कॉइलच्या रबरी कडेखालून आत जातो आणि तळाशी साचून राहतो. गाडी घेताना ती चकचकीत दिसते आणि दोन-तीन दिवसांनी मिसिंग सुरू होते. सर्व्हिसच्या कार्डावर इंजिन धुऊ नये, केवळ ओल्या कापडाने पुसावे, असे स्पष्ट लिहून द्यावे.

दुसरे कारण शहराच्या झाडांशी जोडलेले आहे. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, विलेपार्ले अशा भागांत गाड्या गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षांखाली उभ्या असतात, त्यांची बारीक पाने वायपरखालच्या जाळीतून आत पडतात आणि पाणी निघून जाण्याची भोके बुजवतात. मोठा पाऊस आला की तिथे साचलेले पाणी कडेवरून ओसंडून इंजिनाच्या मागच्या भागावर गळते, आणि काही गाड्यांत ते नेमके कॉइलवर पडते. एका नातेवाइकांच्या गाडीत दर पावसाळ्यात एकाच सिलिंडरचा कोड येत असे आणि दर वेळी फक्त प्लग बदलला जाई. वायपरखालची जाळी काढून कुजलेल्या पानांचा लगदा साफ केल्यावर आणि त्या सिलिंडरची कॉइल बदलल्यावर ती तक्रार परत आली नाही. मे महिन्याच्या शेवटी ती जाळी साफ करणे हे माझ्या मते प्लग बदलण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर तो प्रश्न मिसफायरचा नाही. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी आणि पुन्हा सुरू करून पाहू नये.

उंदीर वायर कुरतडतात, हेही इथे नोंदवले पाहिजे. कॉइलकडे जाणाऱ्या तारांचे आवरण बोटांनी चाचपून पाहावे, कारण कुरतडलेली तार वरून अखंड दिसू शकते.

सीएनजीच्या गाड्यांसाठी

गाडी पेट्रोलवर व्यवस्थित चालते आणि सीएनजीवर बदलली की गचके देते, ही मुंबईतली अगदी नेहमीची तक्रार आहे. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा अधिक दाब लागतो, म्हणून अर्धवट झिजलेला प्लग किंवा चिरलेला बूट पेट्रोलवर तग धरतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. त्याच कारणाने बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत फट थोडी कमी ठेवण्याची पद्धत आहे, आणि किटच्या पुस्तिकेत जे माप दिले असेल ते पाळावे. मात्र कंपनीने बसवलेल्या सीएनजी गाडीत प्लगचा प्रकार आणि फट कारखान्यातच ठरलेली असते, तिथे ऐकीव माहितीवरून फट बदलू नये. फट गरजेपेक्षा लहान झाली तर ठिणगी पडते, पण ती अशक्त असते आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, गाडी थरथरते.

गचके फक्त सीएनजीवरच येत असतील आणि प्लग, बूट, कॉइल ठीक असतील, तर गॅसच्या कमी दाबाच्या फिल्टरकडे वळावे. पंपावरच्या कंप्रेसरमधले तेल गॅसबरोबर सूक्ष्म प्रमाणात येते, फिल्टरमध्ये व गॅस इंजेक्टरमध्ये साचते आणि सिलिंडरला गॅस अपुरा मिळतो. तो फिल्टर बदलणे हे अधिकृत किट फिटरचे काम आहे, घरी करू नये.

बसवताना

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. हीट रेंजच्या आकड्याबाबत मोठा गोंधळ होतो: एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा मोठा तर प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), आणि बॉशच्या क्रमांकात नेमके उलटे. म्हणून एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नये, तिच्या पर्यायी क्रमांकांचा तक्ता पाहावा. बाजारात नकली प्लग येतात. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण वापरलेली कॉइल घेणे म्हणजे तिचे किती आयुष्य उरले आहे हे न कळता पैसे देणे आहे, म्हणून मी तो सल्ला देणार नाही.

इरिडियम प्लगचे मधले टोक सुईसारखे बारीक असते. त्याची फट तपासताना तारेचे गेज अलगद सरकवावे, आणि फट बदलणे खरोखर आवश्यक असेल तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलवावा, मधल्या टोकाला काहीही टेकू देऊ नये. जमिनीवर पडलेला प्लग वरून चांगला दिसला तरी वापरू नये.

प्लग सॉकेटमध्ये धरून, रॅचेट न लावता, फक्त एक्स्टेन्शन रॉड बोटांनी फिरवून आटे सुरू करावेत. पहिल्या काही फेऱ्या अगदी सहज गेल्या पाहिजेत. अडखळले तर प्लग तिरपा गेला आहे, तो बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी. हाताने तळाला टेकल्यावरच टॉर्क पाना लावावा. पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. तो उपलब्ध नसेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशर असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २० आणि १० मिलिमीटरला १० ते १२ एवढा टॉर्क पुरतो. शंकूच्या आकाराची बैठक असलेल्या प्लगला वॉशर नसतो आणि तो याहून बराच कमी आवळावा लागतो. आट्यांवर ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचे वंगण) लावू नये. नव्या प्लगवर आधीच निकेलचा किंवा जस्ताचा थर असतो आणि वंगण लावल्यास त्याच टॉर्कवर प्लग जास्त आवळला जातो. डाय-इलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीसचा पातळ थर फक्त बुटाच्या तोंडाच्या आतल्या रबराला लावावा, आतल्या धातूच्या स्प्रिंगला नाही. कॉइल सरळ दाबून बसवावी, कनेक्टर चापेचा टक आवाज येईपर्यंत घुसवावा आणि चाप तुटली असेल तर टेप न गुंडाळता कनेक्टर बदलून घ्यावा.

बॅटरीची तार जोडून गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे आयडलिंग थोडे अस्थिर राहू शकते, कारण कंट्रोल युनिटची साठवलेली मापे गेलेली असतात. आधी पेट्रोलवर, इंजिन गरम झाल्यावर सीएनजीवर, आणि मग एखाद्या चढावर गाडी चालवून पाहावी.

तरीही तक्रार राहिली तर

कोड त्याच सिलिंडरचा येत राहिला तर कॉम्प्रेशनची चाचणी करून घ्यावी. अनेक वर्षे सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकी झिजून क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि सकाळच्या थंड इंजिनात मिसिंग होते. हे प्लगमुळे वाटते, पण त्याचा प्लगशी संबंध नसतो. पी०१७१ हा कोड सोबत असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, म्हणून इनटेकच्या रबरी नळ्यांना चीर आहे का ते पाहावे. प्लग होलचे आटे खराब झालेले आढळले तर हेलिकॉइलसारखा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांचे कडे, बसवावा लागतो, आणि ते काम करताना धातूचा चुरा सिलिंडरमध्ये पडू न देण्याची पद्धत माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

काढलेले प्लग लगेच फेकू नयेत. प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक, तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहून ते एका डबीत ठेवावेत आणि गाडी गॅरेजमध्ये न्याल तेव्हा होलचे फोटो, कोडचा क्रमांक आणि ती डबी मेकॅनिकसमोर ठेवावी.